‘इरिगेशन फ्लुइड’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका, सोलापूर : प्रोस्टेट ग्रंथीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे संमतिपत्र मराठीत करताना मी ‘सिंचनद्रव’ असे लिहिले. मोहोळकडच्या एका आजोबांनी ते वाचून “पोटात ऊस लावायचाय का, बाई?” असे विचारले. उजनीचा कालवा आणि ठिबक यांपलीकडे इथे सिंचनाला अर्थ उरलेला नाही, तरी पर्याय सुचवावेत.

संस्कृतप्रेमी : ‘धावनद्रव’ घ्यावा. ‘धाव्’ धातूचे पळणे आणि धुणे असे दोन्ही अर्थ आहेत; ‘दंतधावन’ आपल्या ओळखीचे आहेच. आयुर्वेदातील ‘उत्तरबस्ती’ही विचारात घ्यावी.

भूलतज्ज्ञ : उत्तरबस्तीत औषध मुद्दाम आत सोडतात, इथे मात्र रक्त आणि कापलेले तुकडे वाहून जाऊन सर्जनला समोरचे दिसावे, यासाठी द्रव सतत आतबाहेर खेळवतात. ‘धावन’ ऐकून धुतलेले पाणी निघून गेले असे वाटते, आणि धोका तर न निघालेल्या पाण्याचाच असतो. ग्रंथी कापताना उघड्या पडलेल्या शिरांतून ते रक्तात शिरते, सोडियम घसरते आणि कमरेत भूल दिलेला, जागा असलेला रुग्ण अस्वस्थ होऊन असंबद्ध बोलू लागतो. द्रवात ग्लायसीन हे अमिनो आम्ल असेल तर क्वचित काही काळ दिसेनासेही होते. पिशवी फार उंच टांगू नये आणि कापणे शक्यतो तासाभरात आटोपावे, ही खबरदारी त्यासाठीच असते.

माढेकर : मग ‘सिंचन’च योग्य नाही का? दिलेले पाणी जमीन पिते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

निवृत्त परिचारिका : वॉर्डात यातला एकही शब्द चालत नाही, टांगलेली प्रत्येक पिशवी ‘सलाईन’च असते. घोळ तिथेच होतो, कारण विजेच्या तारेने ग्रंथी कापणाऱ्या जुन्या मोनोपोलर यंत्राबरोबर सलाईन वापरता येत नाही. मिठाच्या पाण्यातून वीज पसरते आणि तार कापत नाही, म्हणून 1.5 टक्के ग्लायसीन लागते. ती तीन लिटरची पिशवी चुकून कोणी शिरेत लावू नये, म्हणून आम्ही तिच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवत असू.

संस्कृतप्रेमी : ग्रीकमधल्या ‘गोड’ या अर्थाच्या शब्दावरून नाव पडलेल्या द्रव्याला खारट ठरवणारी ही रूढी संमतिपत्रात तरी नको.

भूलतज्ज्ञ : नव्या प्रकारच्या बायपोलर यंत्राला सलाईनच वापरतात. त्याने सोडियम तसे घसरत नाही, पण शोषलेल्या पाण्याचा भार हृदयावर आणि फुप्फुसांवर येतोच. त्यामुळे या गुंतागुंतीला सरसकट ‘जलविषबाधा’ म्हणणेही मला पटत नाही.

संस्कृतप्रेमी : तो समासच सदोष आहे, कारण पाणी हे विष नव्हे. ‘अतिजलता’ म्हणावे.

निवृत्त परिचारिका : ‘अंगात पाणी चढले’ असे सांगितले की नातेवाइकांना समजते.

माढेकर : आमच्याकडे त्याचा अर्थ ‘सलाईन लावली’ असा घेतील आणि म्हातारबांना आता ताकद येणार म्हणून निश्चिंत होतील.