सॅमन आजच फ्रीझरमध्ये जायला हवा, मशीन कोणाकडे आहे?

प्रेषक: सचिव

मंडळी, सामायिक ऑर्डरचा माल आला. माझ्याकडे तीन आख्खे मासे आहेत. माझा एकच, बाकीचे ऐनवेळी "तुमच्याकडेच राहू द्या" म्हणणाऱ्या दोन घरांचे. पिशवीतली हवा ओढून ती सील करणारं व्हॅक्यूम मशीन सहलीनंतर कोणाकडे राहिलं? कच्चा मासा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांपलीकडे ठेवायचा नाही, तेव्हा लवकर कळवा. फ्रीझरचे खालचे दोन ड्रॉवर रिकामे केलेत. सगळा एकदम भरला तर चालेल ना?

प्रेषक: खजिनदार

मशीन माझ्याकडे. वहीत सही करून न्यावे. पिशव्यांचा रोल संपत आलाय हे मागच्या बैठकीत सांगितलं होतं, इतिवृत्तात आलेलं नाही. तुकडे आधी टिपून कोरडे करा, ओल्या कडेवर सील धरत नाही आणि ते पाणी मशीनमध्ये खेचलं जातं. उघडेच गोठवून, कडक झाल्यावर सील केलेत तर उत्तम. मागच्या वेळी मशीन कोणत्या अवस्थेत परत आलं ते सांगत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे.

प्रेषक: काकू

एकदम मुळीच भरू नकोस रे. जागा आहे म्हणून फ्रीझरला तेवढं झेपेल असं नाही. १०० लिटरच्या फ्रीझरमध्ये दिवसाला नवा माल साधारण ३ ते ४ किलो, त्याच्या वर नको. जास्त कोंबलंस तर मधले तुकडे उद्यापर्यंत नुसते गार राहतील. सावकाश गोठलं की आत बर्फाचे खडे मोठे होतात आणि मांसाचे धागे फाटतात. मग डीफ्रॉस्ट करताना ताटलीभर पाणी सुटतं आणि मासा भुसभुशीत लागतो. मग सगळे म्हणणार ऑर्डरच वाईट होती.

एका जेवणाला लागतील तेवढेच तुकडे एका पाकिटात. धातूच्या ट्रेवर सुटे पसर, गोठले की मग एकावर एक रच. पोटाकडचा चरबीचा भाग वेगळा बांध आणि आधी संपव, खवट पहिला तोच होतो. आणि पाकिटावर तारीख घाल. मागच्या वेळी तुझ्याकडून आलं त्यावर फक्त "मासा" लिहिलं होतं. ते मलाही दिसत होतं.

प्रेषक: माजी अध्यक्ष

तारखेचं एवढं काय? उणे १८ अंशांवर मासा कितीही दिवस टिकतो. आमच्याकडे गेल्या वर्षीचा आहे.

प्रेषक: डॉक्टर वहिनी

भाऊजी, टिकतो म्हणजे जंतू वाढत नाहीत, एवढंच. चवीचं काय? सॅमनच्या चरबीवर हवेतला ऑक्सिजन थंडीतही काम करत राहतो, म्हणून साध्या पिशवीत दोन-तीन महिने धरा, व्हॅक्यूममध्ये त्याहून थोडे जास्त. कडेला पांढरट कोरडे चट्टे आले असतील तर तो फ्रीझर बर्न. त्याने अपाय होत नाही, पण पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. तेवढा भाग कापून टाका.

आणि उणे १८ कशावरून? डायलवरचे १ ते ५ म्हणजे अंश नव्हेत. आत थर्मामीटर ठेवून बघा.

प्रेषक: माजी अध्यक्ष

थर्मामीटर आहे. उणे १५ दाखवतो. तो चुकीचा असावा.

प्रेषक: युवा विभाग

कच्चा खायचा असेल तर? एक रात्र व्हॅक्यूम करून फ्रीझरमध्ये ठेवला की किडे मरतात असं ऐकलंय.

प्रेषक: डॉक्टर वहिनी

व्हॅक्यूमचा किड्यांशी काही संबंध नाही. अनिसाकिस म्हणजे माशातला परजीवी किडा, त्याच्या अळ्या मरतात त्या थंडीने, आणि तीही पुरेशी आणि पुरेसा वेळ लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं मार्गदर्शन उणे २० अंशांवर ७ दिवस सांगतं, युरोपीय संघाचा नियम उणे २० वर निदान २४ तास, तेही माशाच्या गाभ्यापर्यंत. घरच्या फ्रीझरला उणे २० गाठता येईलच असं नाही. वर आत्ताच उणे १५ आलाय. गोळीखाद्यावर वाढवलेल्या सॅमनमध्ये हा धोका फार कमी, समुद्रात पकडलेल्यात खरा. शिवाय लिस्टेरियासारखे जंतू गोठवल्याने मरत नाहीत. शिजवा, आत ६३ अंश होऊ द्या, आणि विषय संपवा.

प्रेषक: युवा विभाग

उणे १५ काकांचा आहे, आमचा नाही.

प्रेषक: काकू

कच्च्याचं तुम्ही बघा. मला दुसरीच काळजी आहे. व्हॅक्यूमचं पाकीट डीफ्रॉस्ट करताना न फोडता फ्रीजमध्ये ठेवतात, ते बंद करा. आधी कापायचं, मासा झाकलेल्या ताटलीत, मग फ्रीजमध्ये रात्रभर.

प्रेषक: खजिनदार

पाकीट कापलं की फ्रीजभर पाणी गळतं. सील करायचं कशाला मग? मी तसंच ठेवतो, आजवर काही झालेलं नाही.

प्रेषक: डॉक्टर वहिनी

काकू बरोबर आहेत. बोट्युलिझम म्हणजे जंतूच्या विषाने होणारी जीवघेणी अन्नविषबाधा, त्या जंतूचा एक प्रकार माशांत आढळतो. तो हवेशिवाय वाढतो आणि साधारण ३ अंशांच्या वरही वाढू शकतो, म्हणजे आपल्या रोजच्या फ्रीजमध्ये. विषाला वास असेलच असं नाही. फ्रीझरमध्ये असेपर्यंत सीलचा फायदा, बाहेर काढताना तोच तोटा. गळायचं असेल तर खोलगट भांडं घ्या. घाई असेल तर तुकडा साध्या पिशवीत घालून थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं आणि लगेच शिजवायचा. ओट्यावर नाही.

प्रेषक: खजिनदार

ठीक. मशीनच्या पेटीवर चिठ्ठी लावतो. कापायची कात्री मात्र पेटीत ठेवणार नाही, मागची गेली.

प्रेषक: सचिव

ठरलं मग. माझा मासा आज रात्री, दुसरा उद्या. तिसऱ्याला माझ्याकडे जागा नाही, तो त्यांनी आजच बर्फाची पेटी घेऊन न्यावा. आणि पुढे कधी गोठवलेला नेताना वाटेत थोडा वितळला तर काय?

प्रेषक: काकू

अजून बर्फ लागत असेल किंवा फ्रीजइतका गार असेल तर पुन्हा गोठवता येतो, पोत थोडा बिघडतो इतकंच. बाहेर दोन तासांवर राहिला असेल तर टाकून द्यायचा, उन्हाळ्यात तासाभरानेच. माझ्याकडे वरचा कप्पा रिकामा आहे. कोणी विचारलंच नाही.