मदत हवी आहे: नर्सिंग ब्युरोत आयसीडी-११ ची तयारी कशी करायची? (नागपूर)

नमस्कार मंडळी, सक्करदऱ्याकडे आमचा छोटा नर्सिंग ब्युरो आहे, पेशंटच्या घरी सिस्टर, ब्रदर, आया पाठवतो, रजिस्टर आणि क्लेमचे कागद मी बघते. आमच्याकडे जास्त पेशंट ज्या हॉस्पिटलकडून येतात त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षीपासून डिस्चार्ज कार्डवर आयसीडी-११ चे (जागतिक आरोग्य संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूएचओच्या, आजारांच्या कोडच्या नव्या यादीचे) कोड येतील, तुमच्या फाईलीही तशाच ठेवा. इकडे इन्शुरन्सच्या क्लेम फॉर्मवर अजून जुन्या यादीचे, आयसीडी-१० चेच रकाने आहेत, म्हणजे काही महिने दोन्ही चालवावं लागणार.

मला वाटलं जुन्या कोडसमोर नवा लिहिला की झालं. बीपीचं आय१० होतं ते बीए०० झालं, टाईप टू शुगरचं ई११ होतं ते ५ए११, इथपर्यंत जमलं. लकव्याच्या पेशंटपाशी अडली. जुन्यात स्ट्रोक हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या चॅप्टरमध्ये होता, नव्यात नर्व्हस सिस्टिममध्ये गेला, मी तासभर चुकीच्या जागी शोधून राहिली होती. आणि डावं-उजवं आता मुख्य कोडला वेगळा कोड जोडून लिहायचं, एक्सके८जी म्हणजे डावं, एक्सके९के म्हणजे उजवं.

काल रात्री खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींची फाईल घेऊन बसली. तीन आठवड्यांच्या नोट्स, रोज "पाय दुखतो, बेडसोरचं ड्रेसिंग केलं", पण पाय कोणता, बेडसोर कुठे, किती खोल, काहीच नाही, आणि ईएच९० मध्ये, म्हणजे बेडसोरच्या नव्या कोडमध्ये, तर ग्रेड १ ते ४ ला वेगवेगळे कोड आहेत. शेवटी सिस्टरला फोन लावला, ती ड्युटी संपवून बसमध्ये होती, तरी एका दमात म्हणाली, "डावा पाय हो ताई, आणि बेडसोर माकडहाडावर, दोन रुपयाच्या नाण्याएवढा, वरची कातडी गेली आहे." तिला सगळं माहीत होतं नं! आमच्या फॉर्मवर लिहायला एकच ओळ आहे, तिने तरी कुठे लिहावं? मला फार वाईट वाटलं.

तर विचारायचं असं की सगळ्या स्टाफला कोडिंग शिकवावं का? जे पेशंट आत्ता चालू आहेत त्यांच्या फाईली कशा बदलायच्या? आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडचा रकाना पाच अक्षरांचाच आहे, त्याचं काय?

धंतोलीकर: ताई, मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनला आहे. सिस्टरांना कोड शिकवू नका, फॉर्म बदला. बाजू, जागा, ग्रेड, कशामुळे झालं, असे चार रकाने छापून घ्या, कोड ऑफिसात एकानेच टाकायचा. डब्ल्यूएचओचं कोडिंग टूल फुकट आहे, त्यात आजाराचं नाव टाईप केलं की कोड येतो. १० वरून ११ चे मॅपिंग टेबलही (जुन्या कोडसमोर नवा कोड दाखवणारे तक्ते) आहेत पण डोळे मिटून घेऊ नका, जुन्या एका कोडचे नव्यात कित्येकदा दोन-तीन पर्याय निघतात. आणि नव्या कोडमध्ये ओ आणि आय ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे बीए०० मधले ते दोन्ही शून्यच, आमच्याकडे मुलं ओ टाईप करून राहिली होती. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून रकाना मोठा करून घ्या, जोडकोड लांब होतात.

मिहानवाला: मी नागपुरात बसून अमेरिकेतल्या होम हेल्थ एजन्सींचं कोडिंग करायचो. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-९ वरून १० वर गेले, साधारण १४,००० डायग्नोसिस कोडचे एकदम ६८,००० च्या आसपास झाले. तारीख दोनदा पुढे गेली होती, त्यामुळे बरेच जण निवांत बसले आणि मग शेवटी धावपळ. तिथे तेव्हा होमकेअरचा एपिसोड, म्हणजे एका बिलाचा काळ, ६० दिवसांचा, तो १ तारखेच्या अलीकडे-पलीकडे पसरायचा, तेव्हा नियम असा की क्लेममधल्या सेवेची शेवटची तारीख १ ऑक्टोबर किंवा नंतरची असेल तर पूर्ण क्लेम नव्या कोडवर. तुमचा नियम हॉस्पिटलकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि आत्तापासून रोज पाच फाईली दोन्ही कोडने करा, जिथे अडाल तिथेच नोट्स कच्च्या आहेत.

धागाकर्ती: खूप खूप आभार दोघांचे. सोमवारी प्रेसमध्ये नवीन फॉर्म टाकते, कालच्या सिस्टरलाच आधी दाखवीन, तिला पटला की मगच छापायचा. अजून एक, आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट बरेच, त्याचा कोड ३ए५१ सापडला, पण सिकलसेलमुळे खुबा खराब झालेला असेल तर पहिला कोड कोणता टाकायचा, सिकलसेलचा की खुब्याचा?