ग्रामसभेने दारूविक्री बंद केली. पिणाऱ्या मुलांचे काय करावे?

प्रश्न (धानोरा तालुका, गडचिरोली):
आमच्या गोंड वस्तीच्या गावात महिलांच्या आग्रहामुळे ग्रामसभेने दारूविक्री बंद केली. मात्र आश्रमशाळेतून दहावी नापास होऊन परतलेली काही मुले शेजारच्या गावी जाऊन पितात, दिवसभर खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खातात आणि घरात कोणाशी बोलत नाहीत. पिणाऱ्यांनाही दंड करावा, असे गावातील ज्येष्ठांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर (ग्रामसभा सदस्य, कुरखेडा):
१९९६ च्या पेसा कायद्यानुसार (आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभा मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावरही निर्बंध घालू शकते. परंतु जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असूनही दारू मिळते ती विकणाऱ्यांमुळे, म्हणून दंडाचा रोख त्यांच्यावरच असावा आणि शेजारच्या ग्रामसभेशी मिळून ठराव करावा. देवकार्यातील मोहाच्या दारूबाबत काय ठरले, तेही ठरावात स्पष्ट लिहावे. अन्यथा जुनीजाणती मंडळी दुरावतात.

उत्तर (समुपदेशक):
दंडाच्या भीतीने मुले लपून पितील आणि उपचारापासून आणखी दूर जातील. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झोप उडणे, भास होणे, क्वचित झटके येणे असे त्रास होतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून ‘आजपासून बंद’ अशी शपथ देवळापुढे घालण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. जिल्ह्यात २०१६ पासून चालू असलेल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती उपक्रमाच्या कार्यकर्त्यांची यासाठी मदत मागता येईल. न बोलणे, न जेवणे, ‘जगून काय उपयोग’ असे म्हणणे ही केवळ व्यसनाची लक्षणे समजू नयेत. नैराश्य आधी आणि दारू नंतर, असेही अनेकदा असते. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. अर्थात, मोबाइलला रेंज असेल तर.

उत्तर (निवृत्त शिक्षक, एटापल्ली):
नापास झालेल्या मुलाला गावात कामच उरत नाही, हे खरे दुखणे आहे. तेंदूपाने आणि बांबूचा हिशेब ग्रामसभेकडे असेल, तर ती नोंदवही या मुलांच्या हाती द्यावी. गोटुल (गोंड तरुणांचे एकत्र जमण्याचे घर) अजून वापरात असेल, तर संध्याकाळची बैठक तेथेच भरवावी. समुपदेशनाचा फलक लावलेल्या खोलीत ती पाऊल ठेवणार नाहीत.

प्रश्नकर्ती:
दंडाचा विषय पुढच्या सभेत मागे घेण्यास सुचवते. मुलगा दवाखान्यात यायलाच तयार नसेल तर?

समुपदेशक:
तर आधी त्याची आई किंवा पत्नी एकटी आली तरी चालेल. घरच्यांनी कसे बोलावे, येथूनही सुरुवात होते. मात्र झटके किंवा भास सुरू झाले, तर त्याच्या होकाराची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.