आवडत्या चित्रपटाला डावलले गेले तेव्हा

मनात घर करून राहिलेला चित्रपट मोठ्या पुरस्कार सोहळ्यातून रिकाम्या हाताने परतला, किंवा त्याला नामांकनही मिळाले नाही, तेव्हा आपल्याला नेमके काय खटकले, ते कृपया येथे लिहावे. विजेत्यांना नावे ठेवण्यापेक्षा आपला चित्रपट कोणत्या पायरीवर अडला, हे सांगितल्यास बरे.

• 'द शॉशँक रिडेम्प्शन'ला १९९५ च्या ऑस्कर सोहळ्यासाठी ७ नामांकने होती आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'फॉरेस्ट गंप'ला गेला, याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मला सलते ते छायाचित्रणाचे. तुरुंगातून निसटलेला नायक भर पावसात हात पसरून उभा राहतो आणि कॅमेरा त्याच्याकडे वरून पाहतो, ते दृश्य टिपणाऱ्या रॉजर डीकिन्स यांना पहिल्या ऑस्करसाठी थेट २०१८ पर्यंत थांबावे लागले, आणि तोही दुसऱ्याच चित्रपटासाठी! शिवाय दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट यांचे नाव दिग्दर्शनाच्या यादीत नव्हतेच. जणू तो चित्रपट आपोआप घडला होता.

• माझे दुःख ताजे आहे. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ने २०२४ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवला, तेव्हा ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरल्यातच जमा आहे, असे मी धरून चालले होते. परदेशी गेलेल्या नवऱ्याचा ठावठिकाणा नसताना एक दिवस जर्मनीहून भाताचा कुकर येतो आणि त्यातली परिचारिका रात्री त्या कुकरलाच कवेत घेते, या प्रसंगानंतर मला बराच वेळ कोणाशी बोलावेसे वाटले नव्हते. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देशाला तेव्हा एकच चित्रपट पाठवता येत होता, आणि भारतातर्फे 'लापता लेडीज'ची निवड झाली. तोही मला आवडला होता, त्यामुळे धड रागावताही येईना. पुढे तो १५ चित्रपटांच्या निवडक यादीपर्यंत पोहोचला नाही. हरल्याचे दुःख पचवता येते. शर्यतीत उतरूच न दिल्याचे मात्र पचत नाही. २०१३ मध्ये 'द लंचबॉक्स'च्या वेळीही हेच झाले होते.

• 'द डार्क नाइट'ला ऑस्करची ८ नामांकने मिळाली, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ५ जागांत त्याला स्थान नव्हते. पुढच्याच वर्षी त्या जागा १० करण्यात आल्या. वरातीमागून घोडे!

• काळ न्याय करतो, असे सांत्वन अशा वेळी हमखास ऐकवले जाते आणि दाखला म्हणून 'व्हर्टिगो' पुढे केला जातो. १९५८ च्या या चित्रपटाला ऑस्करची दोनच नामांकने मिळाली, तीही कलादिग्दर्शन व ध्वनीसाठी, आणि २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षक-कौलात तो पहिला आला. मला हे सांत्वन मुळीच मान्य नाही, कारण त्याचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक १९८० मध्येच गेले होते. शिवाय त्यांना पुढचा चित्रपट काढण्यासाठी कोणाच्या पुरस्काराची गरज नव्हती. नवख्या दिग्दर्शकाचे तसे नसते. नामांकन झाले तर चित्रपटाला आणखी पडदे मिळतात, पुढच्या पटकथेला निर्माता भेटतो, आणि ही दोन्ही कामे त्याच वर्षी व्हावी लागतात.