मदत हवी आहे: मुलांच्या संधिवाताची प्रश्नावली तुर्कीत, आणि संडासाचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सध्या अंकारात शिकते. मुलांच्या संधिवातात काम करणारं किंवा एखादी प्रश्नावली मराठीत आणलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

प्रश्नावली म्हणजे सीएचएक्यू (चाइल्डहूड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर), मुलांना रोजची कामं कितपत जमतात ते मोजणारी. स्टॅनफर्डच्या मोठ्यांसाठीच्या प्रश्नावलीवरून १९९४ मध्ये मुलांसाठी बेतलेली. कपडे घालणं, उठणं, खाणं, चालणं असे आठ विभाग, मिळून ३० प्रश्न. गेल्या आठवड्यात काय कितपत जमलं ते आईवडील सांगतात: विनासायास जमलं तर ०, अजिबात नाही तर ३. तुर्की आवृत्ती २००१ मध्येच झाली, प्रिंटोने (मुलांच्या संधिवातावर संशोधन करणारं आंतरराष्ट्रीय जाळं) तीसहून अधिक देशांसाठी एकत्र केलेल्या कामात. आम्ही आता आयांना एकेक प्रश्न वाचून दाखवतो आणि विचारतो, यातून तुम्हाला काय कळलं?

टॉयलेटवर बसता-उठता येतं का, या प्रश्नावर एका आईने मलाच विचारलं, "कुठल्या? घरच्या की आजीकडच्या?"

घरी कमोड, इथे त्याला अलाफ्रांगा म्हणतात. गावी आजीकडे अलातुर्का, म्हणजे आपल्याकडचा उकिडवं बसायचा. मुलीचे दोन्ही गुडघे सुजलेले. कमोडवर काही त्रास नाही, उकिडवं मात्र बसताच येत नाही. एकाच मुलीचं एकाच आठवड्यातलं उत्तर ०ही खरं आणि ३ही खरं! विभागाचा गुण सरासरीने निघत नाही, त्यातल्या सगळ्यात वाईट उत्तराने ठरतो. एकूण गुण म्हणजे आठ विभागांची सरासरी, त्यामुळे बाकी सगळं ० असलं तरी या एका ३ ने एकूण गुण ०.३७५ होतो. उपचार लागू पडतोय का हे बघताना डॉक्टर याच आकड्याकडे बघतात, त्यामुळे मला हे सोडून देता येत नाही.

त्यात आजीकडे भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची आहे, ती वर ठेवली की मुलगी बसते. प्रश्नावलीच्या नियमाने उंच सीट वापरली तर ते मदतीचं साधन धरतात आणि विभागाला किमान २ गुण देतात. मग ही खुर्ची साधन धरायची का?

दुसरी अडचण छोटी आहे. दुखण्याला आया 'आरि' म्हणतात, मुलं मात्र 'अजियोर' म्हणतात. त्यातला 'अजि' म्हणजे तिखट, कडू आणि दुःखसुद्धा. ठणक्यासाठी 'सिझि' वेगळाच. प्रश्नावलीत दुखणं किती ते खूण करून दाखवायची एक रेघ असते, तिच्यावर कुठला शब्द छापावा?

उकिडवं बसण्याचा प्रश्न आपल्याकडेही येतच असणार. तुम्ही काय करता?

प्रतिसाद
ताई, मी कोल्हापूरला मुलांच्या ओपीडीत आहे. उकिडवं बसणं हे आमचं रोजचंच दुखणं. एकतिसावा प्रश्न घालू नका, इतर देशांच्या आकड्यांशी तुलना तुटेल. 'गेला आठवडा' ही अट प्रश्नावलीत आहेच, तिला धरून राहा. त्या आठवड्यात मुलगी गावी गेली होती का? नसेल तर घरचं उत्तर. दोन्हीकडे गेली असेल तर जास्त त्रासाचं, कारण गुण देण्याची रीतच तशी आहे. संडास कुठला ते बाजूला एका ओळीत लिहून ठेवा, तो गुणात मिळवू नका.

खुर्ची घरातले सगळेच वापरत असतील तर ते साधन नाही. फक्त हिच्या गुडघ्यांसाठी काढत असतील तर साधन. शब्दाचं मात्र आयांना नका विचारू, मुलांनाच विचारा.

धागाकर्ती
मनापासून आभार. गावी कधी गेली होती हे मी विचारलंच नव्हतं. आईला आत्ता फोन केला. आजी पडली म्हणून गेल्या आठवड्यात चार दिवस तिथेच होत्या. खुर्ची आजीने स्वतःसाठी घेतलेली, आजोबा वापरत नाहीत. मुलीलाही तिच्याशिवाय बसता येत नाही. मग हे साधनच ना? मी २ लिहिते आहे. चुकत असेन तर सांगा, पुढच्या मुलाखतीला अजून वेळ आहे.