थकलेली मजुरी, जातीवरून शिवीगाळ आणि ‘गावातच मिटवा’ : अशी तडजोड टिकते का?

पेठरोडकर
पेठ तालुक्यातील एक आदिवासी मजूर दाम्पत्य ऑक्टोबरच्या छाटणीपासून दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत मुकादमामार्फत कामाला होते. छाटणी, पेस्ट (डोळे फुटण्यासाठी काडीला औषध लावणे), डिपिंग (घड औषधात बुडवणे) असे सगळे काम एकरी उक्त्याने ठरले होते. हिशेबाच्या दिवशी, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) अजून फिटलेली नाही असे सांगून मालकाने मजुरी रोखली आणि वाद वाढल्यावर बागेतच, सगळ्या टोळीसमोर, जातीवरून शिवीगाळ करून नवऱ्यावर हात टाकला. मुकादमाच्या वहीत उचलीच्या प्रत्येक रकमेपुढे अंगठा घेतलेला आहे, मजुरीच्या रकान्यात मात्र बऱ्याच ठिकाणी नुसते एकर लिहिलेले आहेत. आता तंटामुक्त समितीतील मंडळी म्हणतात की मालक पैसे देईल, समितीच्या कार्यालयात माफी मागेल, तुम्ही पोलिसांत जाऊ नका. दाम्पत्यालाही कोर्टाचे खेटे नको आहेत, कारण पुढच्या हंगामात याच पट्ट्यात काम मागायचे आहे. पुनर्स्थापनात्मक न्यायाविषयी, म्हणजे शिक्षेपेक्षा चूक कबूल करून झालेली इजा भरून काढण्यावर भर देणाऱ्या पद्धतीविषयी, मी थोडेफार वाचले आहे. ही माफी त्यात बसते का, आणि कायद्याने ती टिकते का?

विधी_सेवा_वकील
यात दोन प्रकरणे एकमेकांत अडकवलेली आहेत आणि समितीचा प्रस्ताव नेमका त्या गुंत्यावर उभा आहे. मजुरी हे त्यांचे हक्काचे येणे आहे. ते देण्याच्या बदल्यात फिर्याद सोडायला लावणे म्हणजे त्यांच्याच पैशाने त्यांचे तोंड बंद करणे होय.

अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे तडजोडयोग्य नाहीत. त्यामुळे समितीचा ठराव झाला, 500 रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिले, तरी गुन्हा संपत नाही. लोकअदालतीलाही असे प्रकरण हाताळता येत नाही. रामअवतार विरुद्ध मध्य प्रदेश या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समझोत्यावरून या कायद्याखालील खटला रद्द केला हे खरे, परंतु वाद मुळात खासगी स्वरूपाचा आहे आणि पीडितावर दडपण आलेले नाही याची खात्री पटल्यावर, अपवाद म्हणून. तो अधिकार वरिष्ठ न्यायालयांचा आहे, गावसमितीचा नाही.

फिर्याद नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. जामिनाच्या सुनावणीत पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, आणि शासकीय अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते, त्यासाठी निकालापर्यंत थांबावे लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नाशिकमध्ये सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, किंवा 15100 वर फोन करा.

माजी_समिती_सदस्य
वकीलसाहेबांचे कायद्याचे म्हणणे मान्य आहे, पण तंटामुक्त समित्यांना सरसकट दडपणाचे साधन ठरवू नये. 2007 मध्ये मोहीम सुरू झाल्यापासून बांधाचे, पाणंद रस्त्याचे, भाऊबंदकीचे कितीतरी वाद गावातच मिटले, आणि त्यात दोन्ही बाजू साधारण बरोबरीच्या होत्या. इथे तसे नाही, हेही मी कबूल करतो. आमच्याकडच्या समितीत बागायतदारच जास्त होते आणि बाहेरून आलेल्या टोळीचा माणूस एकही नसे. माझी सूचना अशी, की केवळ मजुरीपुरता दावा दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीच, लोकअदालतीत ठेवावा. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नाही, आणि खेटेही वाचतात.

सुरगाणा_ते_निफाड
लोकअदालत ठीक आहे, परंतु त्याआधी उचलीचा हिशेब तपासा. उचलीच्या नावाखाली माणसाला कामावर अडकवून ठेवले असेल, तर 1976 च्या वेठबिगार कायद्याने ते कर्जच रद्द होते, आणि मग मालकाचा दावा कशावर उभा राहणार? याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

माफीबद्दल मात्र माझे मत कडक आहे. न्यूझीलंडने 1989 मध्ये बालगुन्ह्यांसाठी कुटुंब-बैठकीची पद्धत कायद्यात आणली, तेव्हा माओरी समाजाचा अनुभव त्यामागे होता. तिथे आधी ‘मी हे केले’ असे मान्य व्हावे लागते, आणि ज्याला इजा झाली त्याने यायचे की नाही हे तोच ठरवतो. तुमच्या प्रकरणात शिवी टोळीसमोर दिली गेली आणि माफी बंद खोलीत मागितली जाणार आहे. शिवाय पुढच्या हंगामाचे काम जाण्याची भीती असताना दिलेल्या होकाराला होकार तरी कसे म्हणावे? बोलणी व्हायचीच असतील तर फिर्याद नोंदवल्यावर, वकील सोबत असताना, दाम्पत्याने सांगितलेल्या ठिकाणी व्हावीत. खटला त्यामुळे मागे घेतला जाणार नाही, हेही मालकाला आधीच सांगावे.

पेठरोडकर
सर्वांचे आभार. त्या ताईंशी बोलले. त्यांचे म्हणणे असे, की पैसे हवेतच, पण तो जे बोलला ते चूक होते, हे त्याने त्याच मजुरांसमोर सांगावे; समितीच्या कार्यालयात त्या जाणार नाहीत. सोमवारी आम्ही सीबीएसला जात आहोत. मुकादम वही द्यायला तयार नाही, फक्त दाखवतो म्हणतो.

विधी_सेवा_वकील
दाखवतो म्हणतो तेवढ्यात प्रत्येक पानाचा फोटो घ्या, अंगठे आणि तारखा स्पष्ट दिसतील असा. मूळ वही न्यायालयामार्फत मागवता येते. आणि सोमवारपर्यंत कोणत्याही कोऱ्या किंवा लिहिलेल्या कागदावर दोघांपैकी कोणीही अंगठा देऊ नये.