मदत हवी आहे: मलयाट्टूरचा डोंगर (केरळ) आणि कालडी, मार्च २०२७

निमा_सातारा:

कोचीला जायचे घाटत आहे. २६ ते २८ मार्च २०२७ शुक्रवार-शनिवार-रविवार सलग मिळतात, म्हणून तेच दिवस धरलेत. आईला कालडी (आदि शंकराचार्यांचे जन्मस्थान) करायचीच आहे. तिथून जवळच मलयाट्टूरला कुरिशुमुडी हे संत थॉमस यांचे डोंगरावरचे तीर्थ आहे असे कळले. दोन्ही एका दिवसात बसवता येईल का?

अडलेले प्रश्न: गाडी वरपर्यंत जाते का? आई ६७ वर्षांची, एक गुडघा दुखरा. आम्ही ख्रिस्ती नाही, तर वर जाण्याला काही अडचण? पहाटे चढावे की संध्याकाळी? रेल्वेने यायचे तर उतरायचे कुठे?

घाटवाट:

तिकिटे काढली नसतील तर सगळ्यात आधी तारीख बदला. २६ मार्च २०२७ ला गुड फ्रायडे आहे. मलयाट्टूरला वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या, रात्रीपासून असते. मोठाले लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन गटच्या गट रात्रभर चढत असतात. गाड्या पायथ्याच्या बऱ्याच अलीकडे अडवतात, तिथून पायपीट, आणि मग चढ. आईंना घेऊन या दिवशी अजिबात नको.

दुसरी गर्दी ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, ज्याला तिकडे पुदुञायर म्हणतात. २०२७ मध्ये तो ४ एप्रिलला येतो. त्याच्या आठव्या दिवशी, ११ एप्रिलला, पुन्हा उत्सव.

इथले कॅथलिक बहुतांशी सिरो-मलबार या केरळातल्या जुन्या पंथाचे. त्यांचा ईस्टरआधीचा मोठा उपवास पन्नास दिवसांचा आणि तो सुरू करणारा, कपाळाला राख लावायचा विधी इतर कॅथलिकांसारखा बुधवारी नव्हे, सोमवारी; २०२७ मध्ये ८ फेब्रुवारीला. तिथून पुढे डोंगराचा हंगाम. या काळातले शुक्रवार आणि शनिवार-रविवार सोडा. २३ फेब्रुवारी ते १० मार्च यातला मंगळवार किंवा बुधवार धरलात तर वाटेवर सोबत असते, पाणी-सरबत मिळते आणि रेटारेटीही नसते. हंगामाबाहेर डोंगर छान शांत असतो हे खरे, पण तेव्हा वाटेवर काही विकत मिळेल असे धरून चालू नका, आणि अंधारात तर चढूच नका. हा भाग मलयाट्टूर वनविभागाचा आहे, रानहत्तींचा वावर आहे. वर एक जुने लहान चर्च आहे, त्याला ‘आना कुत्तिय पळ्ळी’ म्हणतात, म्हणजे हत्तीने सुळे खुपसलेले चर्च. भिंतीवरच्या सुळ्यांच्या खुणा आजही दाखवतात. त्यामुळे केळ्यांची सालेसुद्धा पिशवीत घालून खाली आणायची.

गाडी वर जात नाही. पायथ्यापासून साधारण दोन किलोमीटर, पण आकड्यावर जाऊ नका. वाट खडकाळ आणि चढाची. धडधाकट माणसाला तासभर, थांबत-थांबत दीड तास. उतरायलाही जवळपास तेवढाच वेळ ठेवा. गुडघ्याचे हाल चढताना होतात त्याहून जास्त उतरताना होतात. सुट्या खड्यांवर पाय सरकतो तो तेव्हाच.

हंगामात, वाटेवर सोबत असताना, पहाटे साडेपाचला पाय उचला. मार्चमध्ये उजाडायला साडेसहा होतात, म्हणून डोक्याला लावायची बॅटरी हवी. हातातली नको, हात काठीला आणि आधाराला लागतात. दहानंतर दमट उकाडा आणि तापलेला कातळ असे दुहेरी संकट. बरेच भाविक अनवाणी चढतात, त्यांचे पाहून चप्पल काढलीत तर उतरताना पाय भाजतील. माणशी दीड ते दोन लिटर पाणी, एक ओआरएसचे पाकीट, खडबडीत तळव्याचे बूट. फ्लोटर नको, घामाने आत पाय घसरतो.

संध्याकाळी चढायचा मोह मार्च-एप्रिलमध्ये टाळा. दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि विजांच्या वेळी उघड्या कातळावर असणे धोक्याचे. जूननंतर दगडांवर शेवाळ येते, तेव्हा नकोच.

पालघरी:

घाटवाट यांना अनुमोदन. चर्चमधल्या रीतीबद्दल थोडे.

कोणत्याही धर्माचा माणूस वर जाऊ शकतो, हिंदू भाविकही चढतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. वाटेवर क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातले प्रसंग आठवत थांबून प्रार्थना करायची, चौदा स्थाने आहेत. आपल्याकडे वसईत उपवासकाळात म्हणतात तीच भक्ती. एखादा गट स्थानापुढे गुडघे टेकून प्रार्थना म्हणत असेल तर त्यांच्यामधून जायचे नाही, मागून वळसा घालायचा. क्रूस वाहणाऱ्याला आधी वाट द्या. लांब आडव्या लाकडाचे टोक वळणावर फिरते आणि मागच्याच्या तोंडाशी येते, म्हणून चार पावले अंतर ठेवा. वर पोचवलेले क्रूस रचून ठेवलेले दिसतील. त्यावर बसू नका, पिशव्या टेकवू नका.

चढताना सतत एक गजर ऐकू येईल: ‘पोन्निन कुरिशु मुत्तप्पो, पोन्मल कयट्टम’. मुत्तप्पन म्हणजे आजोबा. सोन्याच्या क्रूसाच्या आजोबा, सोन्याचा डोंगर चढतोय, असा काहीसा भाव. संत थॉमस यांना हाक मारायची ही तिथली पद्धत.

परंपरा अशी की, इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरलेले संत थॉमस या डोंगरावर प्रार्थनेला येत. वर क्रूसाचे स्थान आहे आणि कातळावरची पावलाची खूण आहे. दोन्हीकडे रांगेनेच जायचे.

वर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असेल (तिकडे कुर्बाना म्हणतात, भाषा मल्याळम) तर मागे बसायला हरकत नाही. त्यात वाटला जाणारा ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) मात्र फक्त कॅथलिकांनी घ्यायचा असतो. लोक रांगेत उठले म्हणून उठू नका, जागेवरच बसा, कोणालाही वावगे वाटत नाही. मिस्सा चालू असताना फोटो नकोत.

निमा_सातारा:

तारीख बदलते, धन्यवाद. २ मार्च, मंगळवार बघते आहे. आईला खालीच बसवून आम्ही वर जावे का? पण तिला अगदीच काही न बघता परत आणणे जिवावर येते.

पेरियारकाठ:

खालीसुद्धा भरपूर आहे. मलयाट्टूरचे मुख्य सेंट थॉमस चर्च खाली गावात, पेरियारच्या काठी आहे. तिथे गाडी दारापर्यंत जाते. डोंगराचा पायथा तिथून पुढे. बस किंवा रिक्षावाल्याला नुसते ‘मलयाट्टूर पळ्ळी’ म्हटले तर तो खालच्या चर्चपाशी सोडतो आणि पहाटेचा अर्धा तास तिथेच जातो. चढायचे असेल तर ‘अडिवारम’ म्हणा. अडिवारम म्हणजे पायथा.

पायथ्याशी मणप्पाट्टुचिरा नावाचा तलाव आहे, आईंना त्याच्या काठाने फिरता येईल. (डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे नक्षत्र-तडागम नावाने कागदी तारकांची रोषणाई असते. तेव्हा संध्याकाळी रस्ता तुंबतो, हे जाता जाता.) त्यांना चढाची चव घ्यायचीच असेल तर पहिल्या दोन-तीन स्थानांपर्यंत जाऊन परत. ‘अजून थोडे’ करत मध्यावर पोचलात की उतरण तेवढीच उरते आणि वर डोली-बिली धरून चालू नका.

रेल्वे: नेत्रावती आणि मंगला या कोकण रेल्वेवरून येणाऱ्या दोन्ही गाड्या आलुवाला थांबतात, तिथे उतरा. एर्नाकुलमला उतरलात तर उलट मागे यावे लागते. विमानाने आलात तर कोची विमानतळ नेदुंबासेरीला, म्हणजे कोची शहरात नसून इकडेच अंगमालीजवळ आहे. त्यामुळे फोर्ट कोचीत मुक्काम करून पहाटे मलयाट्टूर गाठायचा बेत चुकीचा. आदल्या रात्री अंगमाली किंवा कालडीतच राहा. अंगमालीहून कालडीमार्गे पायथा साधारण पंधरा-सोळा किलोमीटर.

दिवस असा लावा: साडेपाचला चढ सुरू, साडेनऊपर्यंत खाली, साडेदहाच्या आत कालडी. उशीर नको, कारण केरळातली देवळे दुपारी बंद होतात ती संध्याकाळीच उघडतात. कालडीत शृंगेरी मठाचे शारदांबा आणि शंकराचार्यांचे मंदिर आहे, बाजूलाच श्रीकृष्ण मंदिर. केरळी पद्धतीच्या देवळात पुरुषांना शर्ट काढावा लागतो, मुंडू किंवा पंचा जवळ ठेवा. मगरीने शंकराचार्यांचा पाय धरला तो घाट मंदिरामागेच आहे. पायऱ्यांवरून पाय बुडवा, पुढे जाऊ नका. पेरियारमध्ये वाळूउपशाने खोल खड्डे झालेत आणि पाणी वरून संथ दिसते. आठ मजली कीर्तिस्तंभ मंडपम मुख्य रस्त्यालगत आहे, आत वर्तुळाकार चढण आहे. आईंना खालूनच दाखवा, गुडघ्याला आणखी ताण नको.

जेवणाला हॉटेलात गुलाबी कोमट पाणी येईल. ते गढूळ किंवा रंग घातलेले नाही. पतिमुगम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेले असते, बिनधास्त प्या.

घाटवाट:

एक राहिले. काठी पायथ्याला मिळेल या भरवशावर राहू नका, घडीची काठी सातारहूनच न्या. विमानाने येणार असाल तर ती चेक-इन सामानात टाका, हातातल्या पिशवीत असली की तपासणीत अडवतात.

निमा_सातारा:

काठी यादीत टाकली. आलुवाची तिकिटे बघते, मुक्काम कालडीत.